मदत हवी आहे: खुनाच्या नाटकाचा शेवट पटेल असा कसा करू?

नमस्कार मंडळी. सोसायटीच्या गणेशोत्सवासाठी दोन अंकी रहस्यनाटक लिहितेय. मे महिना, कोकणातलं घर, रात्री दहाला खून. सकाळी सहाला गडी प्रेताचा हात उचलतो आणि तो लुळा पडतो, असं लिहिलं होतं. तालमीत एका नर्स मैत्रिणीनं तिथेच थांबवलं: "आठ तासांनी, तेही उकाड्यात, हात ताठलेला असणार." ते लगेच बदललं.

खरी अडचण शेवटाची आहे. इन्स्पेक्टर सगळ्यांना माजघरात बसवतो, खुनी रडत कबुली देतो, पडदा. पण पोलिसांपुढची कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. आधी पुरावा कायद्याचं कलम 25 होतं, 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं 23. मात्र कोठडीतल्या आरोपीच्या सांगण्यावरून वस्तू सापडली, तर त्या शोधापुरतं त्याचं बोलणं चालतं. म्हणून पंचांसमोर विहिरीतून कोयता काढायचा बेत केलाय, पण त्यात शेवटचा सगळा ताण सैल पडतो.

इथे कुणी वकील किंवा निवृत्त पोलीस आहेत का? पंचनामा रंगमंचावर दाखवू की एका वाक्यात उरकू? आणि घरचा गडी पंच म्हणून पटेल का, की शेजारीच आणावे? तालीम रविवारी आहे, त्याआधी कळलं तर फार बरं होईल.