आर्क्टिकच्या समुद्रातलं ते 90 अब्ज बॅरल तेल गेलं कुठे?

रानवारा:
ऊर्जा विषयावर निबंध लिहितोय. 2008 साली अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याने सांगितलं होतं की आर्क्टिक वर्तुळाच्या वर 90 अब्ज बॅरल तेल सापडायचं बाकी आहे, बहुतेक समुद्राखाली. बर्फ वितळतोय, आता तिकडे झुंबड उडणार, असं तेव्हा सगळीकडे छापून येत होतं. झुंबड काही दिसत नाही. अंदाज चुकला का?

कोकणकडा:
चुकला कसला, लोकांनी हाकलून लावलं! 2015 मध्ये अमेरिकेत सिएटलला शेल या तेलकंपनीच्या रिगला, म्हणजे विहीर खणणाऱ्या तराफ्याला, लोक कयाक (वल्ह्याच्या छोट्या होड्या) घेऊन आडवे गेले होते.

जुना_ड्रिलर:
कयाकवाल्यांना दाद द्यायलाच हवी, पण रिग अलास्काजवळच्या चुकची समुद्रात पोचलीच की. 6,800 फूट खाली गेले आणि सप्टेंबरात शेलनेच जाहीर केलं: तेल-वायूच्या खुणा आहेत, पण पुरेशा नाहीत. तोवर सुमारे 7 अब्ज डॉलर खर्ची पडले होते.

रानवारा, मूळ अहवाल वाच. त्यात खर्च धरलेलाच नाही. कायमचा बर्फ असो की खोल समुद्र, तेल काढता येईल असं गृहीत धरलंय. बातम्यांनी ‘असेल किती’चं ‘मिळेल किती’ करून टाकलं. शिवाय 2008 च्या जुलैत तेल बॅरलला 147 डॉलरवर गेलं होतं, त्या भावात काहीही परवडेलसं वाटतं. शेलने गाशा गुंडाळला तेव्हा भाव 50 च्या खाली.

मी मुंबईजवळच्या समुद्रातल्या तेलक्षेत्रावर, मुंबई हायवर, होतो. पावसाळ्यात समुद्र उसळला की सप्लाय बोट रिगला लागत नाही, मडची (विहिरीत सोडायच्या चिखलाची) केमिकल्स संपत आलेली, टूलपुशर (रिगचा मुकादम) सगळ्यांवर खेकसतोय. तरी आमचं हेलिकॉप्टर जुहूहून यायचं. चुकचीवाल्यांना मोठ्या बोटींचं बंदर म्हणजे डच हार्बर, हजारेक मैलांवर. कामाचा हंगाम जेमतेम जुलै ते सप्टेंबर, आणि ब्लोआउट झालाच, म्हणजे विहिरीतून तेल-वायू बेफाम उसळलाच, तर तो थांबवायला शेजारी दुसरी विहीर, रिलीफ वेल, तीही बर्फ यायच्या आत खणायची! पाणी मात्र फक्त दीडशे फुटांच्या आसपास. खोलीची अडचण नव्हतीच.

शेलच्याच कुल्लुक रिगचं बघ. 31 डिसेंबर 2012 ला ती अलास्कात कोडियाकजवळ किनाऱ्याला लागली, ती ड्रिलिंग करताना नव्हे, ओढून नेताना. ओढदोर तुटला, ओढणाऱ्या टगबोटीची इंजिनं बंद पडली.

त्याआधी 1983 मध्ये अलास्काच्या उत्तरेला ब्यूफोर्ट समुद्रात मुकलुक नावाची विहीर. खडीचं कृत्रिम बेट उभारून ती खणली, अब्जावर डॉलर ओतले, खाली खारं पाणी. खडकाला तेलाचे डाग होते, म्हणजे तेल कधीकाळी होतं, नंतर निसटून गेलं. भूशास्त्रज्ञांनी जागा बरोबर दाखवली होती हो, उशीर तेवढा झाला काही कोटी वर्षांचा.

रानवारा:
धन्यवाद काका. मग रशिया आणि नॉर्वेला कसं जमलं?

जुना_ड्रिलर:
रशियाचं प्रिराझलोम्नोये तेलक्षेत्र 20 मीटर पाण्यात आहे, प्लॅटफॉर्म थेट तळावर बसवलाय. तरी 1989 ला सापडलेलं तेल निघायला डिसेंबर 2013 उजाडला. नॉर्वेचं योहान कास्टबर्ग तेलक्षेत्र 2011 ला सापडलं, उत्पादन मार्च 2025 ला. आणि तिथे गल्फ स्ट्रीम या उबदार सागरी प्रवाहाच्या कृपेने समुद्र गोठत नाही. याउलट रशियाचंच श्टोकमन: वायूचा अवाढव्य साठा, 1988 पासून माहीत असलेला, पण किनाऱ्यापासून जवळपास 600 किलोमीटर. 2012 ला प्रकल्प बासनात गेला.