सल्ला हवा: टेबल वाढतंय, ऑफसेट दमतोय

पोस्टग्रेस या डेटाबेसवर नोंदींचं एक टेबल आहे. ४ कोटींच्या वर ओळी झाल्यात, रोज भर पडतेय. यादी 'नवीन आधी' दाखवतो, लिमिट ५० (एका पानावर ५० ओळी) आणि ऑफसेट (आधीच्या किती ओळी सोडायच्या तो आकडा) लावून. सुरुवातीची पानं झटकन येतात, पण कुणी खूप मागे गेलं की क्वेरी (डेटाबेसकडची मागणी) कित्येक सेकंद अडकते. तारखेवर इंडेक्स (ओळी पटकन शोधायची सूची) आहे. शिवाय पुढच्या पानावर आधीच्याच नोंदी पुन्हा दिसतात अशी तक्रार आहे. काय करू?

प्रतिसाद १
इंडेक्स असूनही हे होणारच. ऑफसेट १०,००,००० दिला की डेटाबेस तेवढ्या ओळी एकेक करून ओलांडतो, फेकून देतो आणि मग तुमच्या ५० हातात ठेवतो. तक्रारीचं मूळही तेच: वाचणारा पहिल्या पानावर असताना वर ३ नोंदी आल्या की सगळी यादी ३ने खाली सरकते.

कीसेट वापरा, म्हणजे आधीच्या पानाची शेवटची ओळ सांगून तिच्यापुढच्या मागवा. पानाचा नंबर पाठवू नका, शेवटच्या ओळीची तारीख आणि आयडी पाठवा. अट अशी: (तारीख, आयडी) < (शेवटची तारीख, शेवटचा आयडी). क्रम दोन्हींवर उतरता, आणि इंडेक्स दोन्हींचा मिळून एकच. मग कितीही मागे गेलात तरी वेळ जवळपास तेवढाच.

आयडी मात्र गाळू नका. एकाच वेळेच्या दोन नोंदींमध्ये पान तुटलं तर दुसरी कधीच दिसत नाही. हे टेस्टिंगमध्ये सहसा सापडत नाही, म्हणून आवर्जून सांगतोय.

प्रतिसाद २
त्यातच एक भर. पोस्टग्रेस वेळ मायक्रोसेकंदांपर्यंत ठेवतो, जावास्क्रिप्टची डेट मिलिसेकंदांवर थांबते. मधले आकडे कापले गेले की पानाच्या सांध्यावरच्या ओळी गळतात. आम्ही दोन दिवस शोधत होतो! वेळ मजकूर म्हणूनच न्या-आणा. तारखेत नल (रिकाम्या जागा) असतील तर तेही आधी निस्तरा.

धागाकर्ता
आभारी आहे. पण थेट ३७व्या पानावर जायचं असेल तर? आणि एकूण आकडा?

प्रतिसाद १
थेट पान कीसेटमध्ये मिळत नाही. लोकांना बहुतेक वेळा पान नको असतं, अमुक तारखेच्या नोंदी हव्या असतात, तर तारीख निवडू द्या. एकूण आकडा दर वेळी मोजणं महाग पडतं; पोस्टग्रेसच्या स्वतःच्या पीजी_क्लास टेबलमधला रेलटपल्स हा ओळींच्या संख्येचा अंदाज 'सुमारे' म्हणून दाखवा. पुढचं पान आहे का हे कळायला ५१ ओळी मागवा, ५० दाखवा. आणि नवा इंडेक्स कन्करंटली (टेबल वापरात ठेवूनच) बांधा, नाहीतर तो होईपर्यंत टेबलवर लिहिणं थांबेल.