आबांची बोट

चाळीसगावकर: आबा 1943 साली मराठा पलटणीत होते. बोटीच्या हुकमाची वाट बघत देवळालीच्या तळावर पडून. सांगायचे, "रोज भुसावळची गाडी शिट्टी मारून जाये, मी ट्रंक बांधून बसेल." गाव एवढं जवळ, पण सुट्टी बंद! पुढे इटलीला गेले म्हणतात. खात्री कशी करावी?

पारोळ्याचा फौजी: पेन्शनच्या कागदावर सैनिक क्रमांक असेल, तो घालून बेळगावच्या मराठा केंद्राला लिहा. मराठा पलटणी इटलीत होत्याच. 1944 ला यशवंत घाडगे, 1945 ला नामदेव जाधव, दोघांना व्हिक्टोरिया क्रॉस (ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक) तिथलाच.

धुळेकर: आमचे मामा बोटीत चढलेच नाहीत, युद्धच संपलं. मामी मात्र खूश.

चाळीसगावकर: ट्रंक अजून माळ्यावर आहे. क्रमांक झाकणावरच रंगवलेला निघाला!