वाऱ्याची वाट बघण्यात गेलेले शनिवार-रविवार : तुमचेही अनुभव लिहा

ढगवेडी

काल माळा आवरायला काढला आणि पॅराग्लायडरच्या जुन्या विंगची (कापडी पंखाची) बॅग हाती आली. उघडून झटकली तर तिच्या सेल्सच्या (कापडी कप्प्यांच्या) कोपऱ्यांतून वाळकं गवत, कुसळं आणि एक मेलेला नाकतोडा पडला. लेक म्हणाली, "आई, हे तुझं पॅराशूट ना?" तिला पॅराशूट आणि पॅराग्लायडरमधला फरक समजावायला बसले आणि भलत्याच आठवणींत शिरले.

गंमत अशी की उड्डाणं वेगवेगळी आठवतच नाहीत, सगळी एकमेकांत मिसळून गेलीयेत. माणसं मात्र लख्ख आठवतात. शुक्रवारी रात्रीपासून ग्रुपवर "उद्या ऑन का?" सुरू व्हायचं. प्रत्येकाचं हवामानाचं ॲप वेगळं आणि ज्याला त्याला आपलंच खरं वाटायचं. सकाळी पंधरा-वीस किलोचं ओझं पाठीवर घेऊन सगळे टेकडीवर. वर पोचावं तर वारा पाठीमागून. मग बसा. कुणी लाईन्स (विंगच्या दोऱ्या) सोडवतंय, कुणी हार्नेसवर (उडताना बसायच्या पट्ट्यांच्या आसनावर) आडवं होऊन घोरतंय, कुणी विंडसॉककडे (वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या कापडी नळीकडे) असं रोखून बघतंय की धाकानेच तो वळेल. समोरून छान ताशी दहा-पंधरा किलोमीटरचा वारा सुरू व्हायचा तो नेमका उन्हं कलल्यावर, आणि मग सगळ्यांना एकदम घाई.

खाली उतरून विंग घडी करताना एकाच थर्मलच्या (वर चढणाऱ्या गरम हवेच्या झोताच्या) पाच गोष्टी ऐकायच्या. कुणाचं लग्न ठरतंय, कुणाची नोकरी जातेय, कुणाच्या वडिलांचं दुखणं, हे सगळं मला त्या टेकडीवर कळलेलं. ऑफिसात शेजारच्या खुर्चीत बसणाऱ्याबद्दल इतकं माहीत नव्हतं.

उडणारे, उडायला शिकवणारे, नुसते सोबत जाणारे, सगळ्यांनी लिहा. तांत्रिक चाललं तरी हरकत नाही, पण मला त्या रिकाम्या दुपारींबद्दल ऐकायचंय.

विंडडमी_कायमचा

आमच्याकडे ठरलेलं. सगळे बुटाच्या नाड्या बांधायचं नाटक करत बसणार. जो वैतागून पहिला उडेल त्याच्यावर सगळ्यांची नजर. तो वर गेला की दोन मिनिटांत टेकऑफवर रांग. तो खाली गेला की नाड्या परत सुटतात.

मी खाली जातो. म्हणून हे नाव.

पतंगराव

@विंडडमी 😂😂 तुमच्यासारख्यांमुळे आमची लँडिंगवरून परत वर चढायची पायपीट वाचते. ऋणी आहोत.

रिट्रीव्हवाली

मी उडत नाही. नवरा उडतो. मी गाडी चालवते.

शनिवार म्हणजे माझ्यासाठी रेडिओची खरखर आणि "लोकेशन पाठवलंय" असा मेसेज. लोकेशन उघडावं तर टिंब तळ्याच्या मधोमध. तो असतो तळ्यापलीकडच्या टेकडीमागे, रेंज नाही, आणि इथून तिथवर रस्ता आहे की नाही ते मी ठरवायचं. परत येताना गाडीत चार-पाच घामेजलेले पुरुष, ओले मोजे आणि प्रत्येकाचं "मी त्या कड्यापाशी होतो ना तेव्हा". शेवटी नियम केला. पहिली दहा मिनिटं कुणी उड्डाणाबद्दल बोलायचं नाही, काचा खाली ठेवायच्या.

लँडिंगवर बसणाऱ्यांचा आमचा वेगळाच कंपू आहे. बायका, नवरे, एकाची म्हातारी आई, पोरंटोरं. वर ठिपका दिसला की रंगावरून सांगतो कोण ते. गप्पा अखंड. फक्त एखादी विंग गरगरत खाली यायला लागली की सगळ्या गप्पा बंद होतात. उंची घालवायला मुद्दाम मारलेला स्पायरल आहे की दुसरं काही, ते खालून कळत नाही. ती सरळ झाली की ज्याचं माणूस असेल ती व्यक्ती पहिल्यांदा बोलते, इतर थांबतात. असं कुणी ठरवलेलं नाही.

नवऱ्याला हे कधी सांगितलं नाही. तो इथे वाचत नाही म्हणून लिहिलं.

आकाशकंदील

रिट्रीव्हवाली, वाचतो तो. तुमचा नवरा मीच का हे तपासायला गाडीतले मोजे बघून आलो 😅

(मी नाही. पण बायकोला आज रात्री विचारणार आहे.)

ढगवेडी

@रिट्रीव्हवाली, हे असं खाली चालतं हे इतकी वर्षं वर राहून मला माहीत नव्हतं हो. आमचे हे पण खाली पुस्तक घेऊन बसायचे. "पुस्तक संपलं का?" म्हटलं की "एक पान झालं" म्हणायचे. आता अर्थ लागतोय.

उशिरा_शिकलेला

पन्नाशी उलटल्यावर शिकलो. सुरुवातीचे कितीतरी रविवार मैदानात नुसतं ग्राउंड हँडलिंग. विंग डोक्यावर उभी करायची, धरून ठेवायची, ती पडली की परत. उड्डाण नाही. आणि सल्ले मात्र ढीगभर. एक ओरडतो ब्रेक सोड, दुसरा ब्रेक धर, तिसरा पायाने तिच्याखाली जा. तिघेही बरोबर असतात असं नंतर कळतं, फक्त वेगवेगळ्या सेकंदाला.

एक गोष्ट आवडते. टेकऑफला उभं राहिलं की शेजारचा, ओळखीचा असो नसो, मोठ्याने विचारतो : पाय, छाती, हेल्मेट? पायाचे पट्टे न लावता उडाल तर हार्नेसमधून घसरून लटकायची वेळ येते, हे सगळ्यांना माहीत असतं. तरी विचारतात. वीस वर्षं उडणाऱ्यालाही विचारतात आणि तोही निमूट हात लावून दाखवतो. बाकी आयुष्यात या वयाच्या पुरुषाला कपडे नीट घातलेस का असं कुणी विचारलं तर भांडण होईल.

नुसताच_वाचक

छान चाललाय धागा. भाबडा प्रश्न, वारा बंद पडला तर खाली पडता का?

पतंगराव

आला!! हा प्रश्न आला!! यादी करा रे. (१) वारा बंद पडला तर? (२) पेट्रोल किती लागतं? (३) माझं वजन चालेल का? (४) दोरी तुटली तर? (५) एक फोटो काढू का, तो तुमच्या विंगवर उभा राहून

विंडडमी_कायमचा

(६) आमच्या गच्चीवर उतरता येईल का

उशिरा_शिकलेला

@नुसताच_वाचक, नाही पडत. शांत हवेतही विंग पुढे सरकत खाली येते. साध्या विंगलाही एक किलोमीटर उंचीवरून आठ-नऊ किलोमीटर पुढे जाता येतं. उलट वारा जास्त असला की आम्ही जमिनीवर. विंगचा स्वतःचा वेग तासाला पस्तीस-चाळीस किलोमीटरच्या आसपास, समोरचा वारा तेवढाच झाला की जागच्या जागी टांगून राहाल, त्याहून वाढला की उलटे मागे. म्हणून वारा पंचवीसच्या वर गेला की बहुतेक जण बॅगेवर बसून गप्पा मारतात. धाग्याचा विषय तिथूनच सुरू होतो.

नुसताच_वाचक

धन्यवाद काका. आणि जास्तीत जास्त उंच किती जाता?

जुनाजाणता

नियम आणि हवा परवानगी देतील तेवढं. आमच्याकडे कुणी "ढगाला हात लावून आलो" म्हणून फुशारकी मारायला लागला की एक ज्येष्ठ पायलट नेहमी तीच हकीकत काढतात. फेब्रुवारी २००७, ऑस्ट्रेलियातलं मॅनिला. जागतिक स्पर्धेआधीच्या सरावात एवा विश्नियेर्स्का ही पायलट वादळी ढगात ओढली गेली. तिच्या उपकरणात ९,९४६ मीटरची नोंद झाली. एव्हरेस्टपेक्षा वर. बेशुद्ध, अंगावर बर्फ, आणि तरी जिवंत उतरली. त्याच दिवशी त्याच वादळात सापडलेला एक चिनी पायलट वाचला नाही. हे दुसरं वाक्य ते हळू सांगतात. मग फुशारकीवाला गप्प होतो आणि कुणीतरी विषय बदलतं.

थर्मल_डावीकडून

इथे भांडणांबद्दल कुणी बोललंच नाही. सगळे फार गोड गोड लिहितायत.

नियम साधा : थर्मलमध्ये जो आधी शिरला तो ज्या दिशेने गोल फिरतोय त्याच दिशेने नंतर येणाऱ्यांनी फिरायचं. कड्याला धरून उडताना समोरासमोर आलात तर ज्याच्या उजव्या हाताला डोंगर त्याला वाट द्यायची. शाळकरी पोराला पाठ होईल. आणि दर रविवारी एक महाशय उलटे फिरणार. वरून ओरडलेलं ऐकू येतं बरं का, अगदी स्पष्ट, शिव्यांसकट. लँडिंगवर उतरले की दोघं दोन टोकांना विंग घडी करणार. आमच्यातले दोन जण असे पूर्ण मोसम बोलत नव्हते. मग एकदा दोघेही एकाच ओसाड माळावर बॉम्ब आउट झाले (वर नेणारी हवा न मिळून लवकर उतरावं लागलं) आणि गाडी यायला अंधार पडला. काय बोलले माहीत नाही. आता एकमेकांची विंग घडी करून देतात. उलटं फिरणं चालूच आहे.

हाडं_जुळली

मी त्या ओसाड माळावरच्यांपैकी नाही, पण दवाखान्यातला अनुभव लिहितो.

डोंगराच्या आडोशाच्या बाजूला रोटरमध्ये (तिथल्या घुसळणाऱ्या हवेत) सापडलो, मणक्याला फ्रॅक्चर. बाकी तपशील नको. ग्रुपमधले सगळे भेटायला आले, पाच मिनिटं माझी चौकशी केली आणि मग पलंगाच्या दोन बाजूंना उभे राहून त्या दिवशी वारा नेमका कुठल्या दिशेचा होता यावर वाद घालू लागले. सिस्टरनी हाकललं. दुसऱ्या दिवशी त्यातले दोघे परत आले, या वेळी नकाशा घेऊन.

आता उडत नाही. घरच्यांना दिलेला शब्द. रविवारी मात्र जातो. टेकऑफवर रेडिओ घेऊन बसतो, नव्या पोरांच्या लाईन्स बघतो, वारा फिरला की सांगतो. पहिलं वर्षभर जड गेलं. सगळे उडून गेल्यावर टेकडी एकदम रिकामी होते ना, तेव्हा.

रिट्रीव्हवाली

@हाडं_जुळली, खाली येऊन बसत जा आमच्यात. खरंच. आईंच्या शेजारी जागा असते.

हाडं_जुळली

येतो ताई.

इतिहासाचा_किडा

वाट बघण्यावरून आठवलं. १९७८ मध्ये फ्रान्सच्या मियुसी गावाजवळ तिघा पॅराशूटवाल्यांनी विमान परवडत नाही म्हणून थेट डोंगर उतारावरून पळत उडी घेतली, खेळाची सुरुवात बहुतेक जण तिथून धरतात. त्याआधी १९६५ मध्ये अमेरिकेत डेव्हिड बॅरिशने स्वतः बनवलेला पंख घेऊन स्कीच्या उतारांवर हेच केलं होतं, पण तेव्हा कुणी फार मनावर घेतलं नाही.

आणि फ्रान्समध्येच सेंट हिलेरला दर सप्टेंबरात कूप इकार नावाचा मेळा भरतो, १९७४ पासून. लोक चित्रविचित्र सोंगं घेऊन उडतात. कुणी ड्रॅगन, कुणी झाडूवरची चेटकीण.

पतंगराव

धाग्याशी संबंध?

इतिहासाचा_किडा

संबंध असा की मेळ्यातही वारा नसला की ड्रॅगनला गवतावर बसून राहावं लागतं.

पतंगराव

मान्य 🙏

गाठ_सुटेना

कामात आहे, थोडक्यात लिहिते. आमचा सगळ्यात धमाल रविवार उडण्याचा नसतो, रिझर्व्ह रिपॅकचा (संकटात फेकायचं राखीव पॅराशूट उघडून परत घडी करण्याचा) असतो. हवा बंद असते त्या महिन्यांत एखादं सभागृह घ्यायचं, छताला दोर, एकेकाला हार्नेससकट लटकवायचं, हलवायचं, गरगर फिरवायचं आणि अचानक ओरडायचं "फेक!" निम्म्यांना हँडल सापडत नाही. एकाने चुकून पाण्याची पिशवी फेकली. एकाच्या वेल्क्रोने इतकं घट्ट धरलेलं की दोघांनी ओढलं तेव्हा निघालं. म्हणून तर वर्षातून एकदा तरी उघडायचं असतं. मग जमिनीवर ती पांढरी घोळदार चादर पसरून रात्रीपर्यंत घड्या. नवीन लोकांशी ओळख व्हायला याच्यासारखं काही नाही, कारण दुसऱ्याचं शेवटचं पॅराशूट घडी करताना कुणी उगाच बडबड करत नाही.

आकाशकंदील

बायकोला विचारलं. ती म्हणाली "स्पायरल मारत जाऊ नकोस, निदान आम्ही बसतो त्या बाजूला तरी." म्हणजे खरंच असतं हे.

शिवणयंत्र

ढगवेडी ताई, मूळ धाग्यातली ती जुनी विंग टाकू नका हं. कापडातून हवा झिरपायला लागली की उडायला बाद, पण पिशव्यांना एकदम झकास. मी ग्रुपमधल्या बऱ्याच जणांच्या विंगच्या पिशव्या आणि बॅगेवर घालायची पावसाळी कव्हरं शिवली आहेत.

ढगवेडी

अगं हो का? पण कापड फार सुळसुळीत आहे, माझ्या साध्या मशीनवर होईल? लेकीने रंग बघून आधीच हक्क सांगितलाय.

शिवणयंत्र

होईल. बारीक सुई, पॉलिएस्टरचा दोरा, टाका थोडा मोठा. टाचण्या अजिबात लावायच्या नाहीत, भोकं तशीच राहतात. कागदाच्या क्लिपा लावा. आणि कापायच्या आधी मधल्या पडद्यांची शिवण उसवा, नाहीतर कापड सपाट पसरत नाही.

गाठ_सुटेना

आणि लाईन्स? गुंता करून ठेवलेल्या आहेत माझ्याकडे एक पिशवीभर.

शिवणयंत्र

त्या ठेवा, पिशवीला नाडी म्हणून चालतात. फक्त टोकं मेणबत्तीवर धरून बघा आधी. काही वितळतात, काही नुसत्या काळ्या पडतात. काळ्या पडणाऱ्यांना गाठ मारा.