मदत हवी आहे: जॅकी चॅनचा 'चायनीज झोडियाक' मूळ आवाजात

जॅकी चॅनचा 2012चा 'चायनीज झोडियाक' बाबांसोबत बघायचाय. 1860मध्ये बीजिंगच्या जुन्या उन्हाळी राजवाड्यातून लुटल्या गेलेल्या प्राण्यांच्या ब्राँझच्या मुंडक्यांचा शोध, असं कथानक. अंगभर चाकं लावून तो उतारावरच्या रस्त्यावर झोपून घसरत जातो, तेही वयाच्या पंचावन्नीनंतर! ते दृश्य मूळ आवाजातच बघायला हवं.

यूट्यूबवर आणि दोन ॲपवर शोधलं. सगळीकडे हिंदी डब, आणि शेवटची नामावली अर्ध्यात कापलेली. चुकलेल्या शॉटचे तुकडे त्यातच असतात, ते बाबांना हवेतच.

डीव्हीडी प्लेअर नाही. पायरेटेड लिंक नको, पैसे भरायला हरकत नाही. इंग्रजी सबटायटल चालतील.

भारतात मँडरिन आवाजातली, न कापलेली प्रत अधिकृतपणे कुठे मिळेल?