२९ टक्के म्हणजे २९ मार्क नव्हेत: बॅटमॅन-सुपरमॅनवरून पुन्हा एकदा

विजापूर रोड

परवा इथल्या चर्चेत एकाने 'बॅटमॅन व्ही सुपरमॅन: डॉन ऑफ जस्टिस' या सिनेमाबद्दल लिहिलं: "रॉटन टोमॅटोजवर २९ टक्के. आपल्याकडे पस्तीसला पास करतात, हा ग्रेस देऊनही पास होत नाही. तरी जे लोक 'डॉन ऑफ जस्टिस'ला भारी म्हणतात, त्यांना सिनेमातलं काही कळत नाही." दोन दिवस गप्प बसलो. पण हे वाचल्यापासून डोक्यातून जाईना, म्हणून लिहितो.

आधी त्या २९ चं बोलू. रॉटन टोमॅटोज ही समीक्षणं गोळा करणारी साइट, तिथले टक्के म्हणजे मार्क नव्हेत. शंभरातल्या किती समीक्षकांनी 'बघायला हरकत नाही' म्हटलं, त्याचं ते प्रमाण. मी टॉवेलच्या कारखान्यात चेकिंगला आहे, तिथलं सांगतो. टेबलावर माल येतो. एका पीसला कडेला एकच लूप, म्हणजे सुताचा फास, ओढलेला असतो, तो बाजूला. दुसऱ्याला मधोमध हाताएवढा तेलाचा डाग, तोही बाजूला. कागदावर दोन्ही रिजेक्ट. पण ओढलेल्या लुपाचा टॉवेल माझ्या घरी सात वर्षं वापरात आहे. तसंच दहापैकी साडेचार देणारा समीक्षक आणि शून्य देणारा समीक्षक, दोघे त्या टक्क्यात एकाच ढिगात पडतात. मग त्या आकड्यावरून माणसाची अक्कल कशी काढता?

दुसरं. २०१६ च्या मार्चमध्ये थिएटरात आलेला सिनेमा १५१ मिनिटांचा होता. जूनच्या शेवटी अल्टिमेट एडिशन आली ती १८२ मिनिटांची. त्या अर्ध्या तासात काय होतं? आफ्रिकेतल्या गावात माणसं मेली तर आळ सुपरमॅनवर का येतो, हे थिएटरात कळतच नाही, कारण गोळ्या तर भाडोत्री सैनिकांनी झाडलेल्या असतात. लांब सिनेमात प्रेतं जाळलेली दाखवली आहेत, आणि साक्ष देणाऱ्या बाईला धमकावून खोटं बोलायला लावलंय हेही कळतं. अमेरिकी संसदेतला स्फोट घ्या. सुपरमॅनला भिंतीपलीकडचं दिसतं, मग व्हीलचेअरमधला बॉम्ब का दिसला नाही? तर खुर्चीला आतून शिसं लावलेलं होतं. हा खुलासाही कापला. स्फोटानंतर तो जखमींना उचलून बाहेर आणतो, ते दृश्यसुद्धा कापलं. आणि मग समीक्षक लिहितात, सुपरमॅन थंड आहे, कथेला धागा नाही. धागा कात्रीने कापलाय हो!

जुळे सोलापूर

मालक, चेकिंगचं उदाहरण चांगलं दिलंत, पण अर्धंच. शंभरातले सत्तर पीस बाजूला पडले, तर मालक चेकिंगवाल्यावर ओरडतो की मागावर जाऊन बघतो? समीक्षकांचं सोडा. सिनेमास्कोरवाले अमेरिकेत पहिल्या रात्री थिएटरातून बाहेर पडणाऱ्या साध्या प्रेक्षकांना विचारतात. त्यांनी 'बी' शेरा दिला. 'मॅन ऑफ स्टील' या आधीच्या सुपरमॅन सिनेमाला त्याच लोकांनी 'ए मायनस' दिला होता. पहिल्या आठवड्याअखेर अमेरिकेत १६ कोटी डॉलरच्या वर कमाई, आणि दुसऱ्या आठवड्याअखेर ती जवळजवळ ६९ टक्क्यांनी घसरली. म्हणजे बघून आलेल्यांनीच शेजाऱ्याला सांगितलं, जाऊ नका.

आणि कापलेल्या भागाचं म्हणाल, तर तिकिटाचे पैसे १५१ मिनिटांचे घेतले होते. पंगतीत बसवून आमटी वाढायची नाही, आणि पाहुणा अळणी लागतंय म्हणाला की "आमटी आत पातेल्यात होती" म्हणून सांगायचं, हे कुठल्या घरात चालतं?

काळा झगा

मी कॉमिकवाला. सिनेमाच्या बाजूचाही नाही आणि टक्केवाल्यांच्या बाजूचाही नाही. माझं दुखणं वेगळंच आहे.

फ्रँक मिलरचं 'द डार्क नाइट रिटर्न्स' हे कॉमिक १९८६ सालचं. चिलखत घालून सुपरमॅनशी भिडणारा बॅटमॅन तिथलाच. पण तिथे तो पंचावन्न वर्षांचा म्हातारा आहे आणि सुपरमॅन त्याचा जुना दोस्त. एक सरकारचा माणूस झाला, दुसऱ्याने ते मानलं नाही. वर्षानुवर्षांची ओळख आहे म्हणून तो प्रत्येक ठोसा वाचणाऱ्याला लागतो. सिनेमात दोघांची धड ओळखही नाही. पार्टीत एकदा बोलतात, रस्त्यात एकदा दम देतात आणि थेट मारामारी. त्यावर कडी म्हणजे १९९२ चं 'डेथ ऑफ सुपरमॅन' हे कॉमिकही त्याच सिनेमात शेवटी कोंबलं. जो माणूस अजून नीट भेटलाच नाही, त्याच्या मरणाचं रडू कुठून आणायचं?

गाडीला तोफा लावून माणसं चिरडत जाणारा बॅटमॅन बघून तर मी खुर्चीत अवघडून बसलो होतो. मिलरची चित्रं घेतली आणि त्यामागचं दुःख सोडून दिलं. समीक्षकांनी हे पकडलं असेल तर माझी तक्रार नाही.

विजापूर रोड

काळा झगा, ओळख नाही हा मुद्दा मला पटतो. मनापासून पटत नाही, पण नाकारता येत नाही.

जुळे सोलापूर, पातेल्याचंही मान्य. पण मग दोष वाढप्याला द्या, स्वयंपाक्याला नको. आणि इथे लिहिणाऱ्या किती जणांनी तो सिनेमा नीट बघितला होता? धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी, पहिल्या शुक्रवारी मी गावातल्या एका टॉकीजमध्ये थ्रीडीत पाहिला. प्रोजेक्टरचा दिवा आधीच मंद, त्यात चष्म्याच्या काचेवर ओरखडे. सिनेमा सगळा रात्रीचा, पावसाचा. मारामारीत कोण कुठे आहे ते आवाजावरून ओळखत होतो. पाच वर्षांनी चुलतभावाच्या टीव्हीवर लांब आवृत्ती लावली, तेव्हा पहिल्यांदा दिसलं की चिलखतावर ओरखडे पडत जातात, एक डोळ्याचा दिवा फुटतो. तेव्हा कळलं, मी तोवर हा सिनेमा पाहिलाच नव्हता.

सात रस्ता

लई झालं बे दिव्याचं. मुळात आपल्याकडे निम्म्या लोकांनी हा सिनेमा हिंदीत बघितलाय. डब केलेल्या आवाजावर काय समीक्षा करणार? मूळ इंग्रजीत बघा, मग बोला. भाषांतरात सगळा सिनेमा मरतो.

पूर्व भाग

सात रस्ता, हे वाक्य मागे घ्या.

आमच्या घरात तेलुगू बोलतात. शाळा मराठी. टॉकीजमध्ये हिंदी. आजोबा मागावर बसायचे, त्यांना इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं. चिरंजीवीचे सिनेमे तेलुगूत, अमिताभचे हिंदीत आणि कराटेचे मिळेल त्या भाषेत बघितले त्यांनी. घरी येऊन आम्हाला पूर्ण गोष्ट सांगायचे, कुठे दम होता आणि कुठे पाणी घातलं होतं ते सांगायचे. त्यांना सिनेमा कळत नव्हता म्हणायचं का? मी 'डॉन ऑफ जस्टिस' हिंदीत बघितला, आणि मला तो आवडला नाही. माझं न आवडणं तुमच्या न आवडण्यापेक्षा हलकं कसं?

सात रस्ता

मी तुमच्या आजोबांबद्दल काही बोललो नाही, अण्णा. खलनायक ल्यूथरचं काम करणारा जेसी आयझेनबर्ग कसा अडखळत, तोंडातल्या तोंडात बोलतो, ते हिंदीत कुठून येणार? त्या कामाला रॅझी, म्हणजे सगळ्यात वाईट कामाचा पुरस्कार, मिळाला, पटकथेलाही मिळाला. तो रॅझी योग्य की अयोग्य हे ठरवायला मूळ आवाज ऐकायला नको का? एवढंच म्हणणं आहे.

पूर्व भाग

आता एवढंच म्हणताय. आधी म्हणालात, भाषांतरात सगळा सिनेमा मरतो. ल्यूथरचं मान्य, नटाचा आवाज गेला की नटाचं निम्मं काम गेलं. पण गोष्ट जात नाही.

मंगळवार पेठ

वयाने मी तुम्हा सगळ्यांत मोठा असेन, म्हणून मध्ये बोलतो. भाषांतरात मरतं म्हणणाऱ्याने वेताळ वाचलेला नाही.

ली फॉकने १९३६ साली फॅन्टम काढला, तोच आपला वेताळ. आपल्याकडे टाइम्सवाल्यांनी १९६४ पासून इंद्रजाल कॉमिक्स काढली, मराठीतसुद्धा. आमच्या पेठेत एक जण उन्हाळ्यात दोरीवर अंक अडकवून बसायचा. भाड्याने घेऊन तिथेच फरशीवर बसून वाचायचे, घरी न्यायचे असतील तर जास्त पैसे. पानांना आधीच्या पोराच्या हाताचा कैरी-तिखटाचा वास असायचा. कवटीच्या अंगठीचा ठसा गुंडाच्या जबड्यावर उठला की आम्ही पाचही जण आपापल्या मुठी बघायचो.

कितीतरी वर्षांनी कळलं की मूळ गोष्टीत वेताळाचा देश बंगाला आहे. आपल्याकडे बंगालशी घोटाळा नको म्हणून त्याचं डेंकाली केलं. त्याच्या बापाला मारणाऱ्या चाच्याचं नाव राम होतं, ते रामलू केलं. नावं बदलली, देश बदलला, भाषा बदलली. आमचा वेताळ मेला नाही.

सात रस्ता

काका, कॉमिकमध्ये आवाज नसतो. सिनेमात असतो. दोन्ही एकाच तागडीत घालू नका.

काळा झगा

आवाज नसतो हे बरोबर, पण काकांचं म्हणणं खोडून निघत नाही. आणि काका, रामलूचं मला माहीत नव्हतं. तो अंक आहे का हो तुमच्याकडे?

जुळे सोलापूर

आपण बॅटमॅनवर बोलत होतो. 'मार्था'वर कुणीच काही बोललेलं नाही, कारण त्याला उत्तर नाही. बॅटमॅनने दोन तास ज्या सुपरमॅनला मारायची तयारी केली, त्याच्या गळ्यावर पाय, हातात त्याला दुबळं करणाऱ्या क्रिप्टोनाइटचा भाला. आणि तो 'मार्था' म्हणाला म्हणून वैर संपलं? दोघांच्या आयांचं नाव एक म्हणून? आणि मरताना कोण आपल्या आईला नावाने हाक मारतो? माझ्या मागच्या रांगेतली पोरं मोठ्याने हसली. त्या हसण्यात २९ टक्के आले.

अक्कलकोट नाका

मी इथे कधी लिहीत नाही. वाचतो फक्त. पण यावर लिहितो.

वडील गेले तेव्हा आमचे आठ माग होते. मी आणि थोरला, दोघांत वाटणी झाली. चार-चार. शेडमध्ये मधोमध विटांची भिंत घातली, गिलावासुद्धा केला नाही. तीन वर्षं त्याच्या मागांचा खडखडाट मला भिंतीपलीकडून ऐकू यायचा आणि मी माझ्या मागांचा आवाज त्याच्यावर जावा म्हणून दार बंद ठेवायचो. रस्त्यात समोर आला तर मी गल्ली बदलायचो. त्याच्याबद्दल मी काय काय बोललोय ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आई दवाखान्यात होती. रात्री दोन वाजता वॉर्डातून नर्स बाहेर आली आणि आईचं नाव घेऊन विचारलं, यांचे कोण आहे? बाकावर या टोकाला मी, त्या टोकाला तो. दोघे एकदम उठलो. आईचं नाव आमच्या घरात कुणी घेत नाही, आम्ही आई म्हणतो, शेजारी काकू म्हणतात. ते नाव परक्या तोंडून ऐकलं आणि तो माझ्याकडे बघायला लागला, मी त्याच्याकडे. काही बोललो नाही. आत गेलो दोघे.

हसणाऱ्यांनी हसावं. मी थिएटरात हसलो नव्हतो.

विजापूर रोड

दादा, तुमच्यानंतर काही लिहावंसं वाटत नाही, तरी नावाने हाक मारण्याचं उत्तर देतो. सुपरमॅन आईला हाक मारत नाहीये. ल्यूथरने तिला पळवलंय, आणि समोरच्या परक्या माणसाला तो सांगतोय की तिला वाचव. परक्याला 'आई' सांगून काय उपयोग, नावच सांगावं लागतं. आणि सिनेमाच्या पहिल्याच प्रसंगात ब्रूसचा, म्हणजे बॅटमॅनचा, बाप मरताना 'मार्था' म्हणतो. पिस्तुलात अडकून मोत्यांची माळ तुटते, मोती गटारात जातात. तेव्हापासून त्या पोराच्या कानात तो शब्द आहे. भाला थांबतो तो नाव सारखं आहे म्हणून नव्हे. तीस वर्षांपूर्वी त्या गल्लीत बंदूकवाला ज्या जागी उभा होता, तिथे आज आपण उभे आहोत, हे त्याला दिसतं म्हणून.

जुळे सोलापूर

अक्कलकोट नाका, तुमचं वाचून मी फोन खाली ठेवला होता. हसणाऱ्या पोरांबद्दल मी अभिमानाने लिहायला नको होतं.

पण विजापूर रोड, त्यांची गोष्ट तुमच्या सिनेमाच्या खात्यात जमा करू नका. त्यांनी आधी भिंत दाखवली, बिनगिलाव्याची. खडखडाट ऐकवला. मग नाव घेतलं. सिनेमाने तेवढं केलं असतं तर एकही पोरगं हसलं नसतं. तुम्ही आत्ता चार ओळींत जे समजावलं, ते पडद्यावर मला दिसायला हवं होतं. पोहोचलं नाही तो दोष माझा कसा? समीक्षकांनी दुसरं काय लिहिलंय?

विजापूर रोड

मला दिसलं. तेवढंच म्हणतोय. 'मला दिसलं' म्हटलं की 'तुला कळत नाही' असं उत्तर येतं, त्यावर हा सगळा राग आहे. तुम्हाला तो सिनेमा वाईट वाटला, वाटू दे. फक्त आकडा तोंडावर फेकू नका, तुम्ही आत्ता जे भिंतीचं लिहिलं तसं काही लिहा. मी ऐकेन.

जुळे सोलापूर

ठीक. लांब आवृत्ती मी पाहिलेली नव्हती, हे कबूल करतो. काल रात्री चाळीस मिनिटं पाहिली. आफ्रिकेचा भाग बराच सरळ लागतो. क्लार्क, म्हणजे साध्या वेशातला सुपरमॅन, बॅटमॅनच्या गॉथम शहरात जाऊन बॅटमॅनची चौकशी करतो, तेही बरं आहे, निदान तो वार्ताहर आहे हे आठवतं. ल्यूथर अजूनही सहन होत नाही. पुढचं रविवारी बघेन, बघून लिहीन, पण मत बदलेल असं समजू नका.

पूर्व भाग

हिंदीत बघा.

मंगळवार पेठ

काळा झगा, माळ्यावरची पत्र्याची पेटी काढली आज. वाळवीने खालचे गठ्ठे खाल्लेत. वरचे चौदा अंक शाबूत आहेत, त्यात वेताळाचे नऊ. रामलूवाला नाही सापडला. कुणाकडे असेल तर मी हे चौदाच्या चौदा वाचायला देतो, तो एक मला दोन दिवस द्या.