२५ हजारांत नवा की रिफर्बिश्ड?

लेकीच्या इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षासाठी २५ हजारांत नवा लॅपटॉप घ्यावा की रिफर्बिश्ड (वापरलेला, पण दुरुस्त-तपासून पुन्हा विकलेला), असं तुम्ही विचारलंय. मी डोळे झाकून रिफर्बिश्ड म्हणेन, पण कंपन्यांतून परत आलेला: लेनोवोचा थिंकपॅड, डेलचा लॅटिट्यूड किंवा एचपीचा एलिटबुक. या किमतीत नव्यात बहुधा सेलेरॉनच्या, म्हणजे इंटेलच्या अगदी साध्या चिपच्या, तोडीचा प्रोसेसर पदरात पडतो आणि कोडिंग सुरू झालं की तो धापा टाकतो. शिवाय ऑफिसच्या मशीनची बॉडी दणकट, आणि सुटे भाग मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात सहज मिळतात.

मात्र दुकानदार प्रोसेसरबद्दल नुसतं 'आय५ आहे' म्हणाला तर पुढचा आकडा विचाराच, इंटेलच्या चिपची पिढी त्यावरूनच कळते. आय५-७३००यू सातव्या पिढीचा, दोन कोअरचा. आय५-८२५०यू आठव्या पिढीचा, चार कोअरचा. विंडोज ११ साठी इंटेलची आठवी पिढी तरी हवीच, आणि विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. त्यामुळे सातवी पिढी कितीही स्वस्त मिळाली तरी नको.

बॅटरीबद्दल तोंडी हमी घेऊ नका. विंडोजमध्येच बॅटरी रिपोर्ट काढता येतो, तो समोर काढायला लावा. डिझाइन कपॅसिटी (नवी असतानाची क्षमता) ५०,००० आणि फुल चार्ज (आताची क्षमता) ३०,००० दिसली तर ४० टक्के बॅटरी गेलेली आहे. नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून वळते करून मागा.

आणि पैसे देण्याआधी बायोस, म्हणजे विंडोजच्या आधी चालू होणारं मशीनचं मूळ सेटिंग, उघडून बघाच. जुन्या कंपनीचा पासवर्ड तसाच राहिला असेल तर तो काढताना नाकी नऊ येतात. रॅम ८ जीबी असेल तर ती पुढे वाढवायला दुसरा स्लॉट मोकळा आहे का, तेही विचारा.